जेरूशाचा हात

या, पुढं या. मागच्या बाकावरून ऐकायची ही गोष्ट नाही. कोट अंगावरच राहू द्या, हीटर तापायला अजून वेळ आहे. पण जवळ सरकून बसा, कारण ही गोष्ट टिपेच्या सुरात सांगता येत नाही आणि मला तर सवय टिपेच्या सुराचीच. आमच्या चर्चमध्ये उपदेश बोलत नाहीत, गातात. पाळक आधी साधा बोलतो, मग बोलता बोलता त्याच्या श्वासाला ठेका येतो, मग शब्द त्या ठेक्यावर चढतात, आणि खाली बसलेली मंडळी ते शब्द वरच्यावर झेलतात आणि परत वर पाठवतात. झेलणारं कुणी नसेल तर गाणाऱ्याचं काय होतं, त्याची ही गोष्ट. आर्डेलिया गेदर, तिचे म्हातारे वडील आणि तिची पोरगी जेरूशा. काही आर्डेलियानं सांगितलं, बरंचसं न सांगता कळलं. गोष्ट संपली की मी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. तेवढं द्या म्हणजे झालं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, एका करड्या दुपारी, आर्डेलिया स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संगणकासमोर बसली होती. राज्याच्या ऑनलाइन शाळेत जेरूशाचं नाव घालायचं होतं. कागदपत्रं पाठवून झाली होती. जन्माचा दाखला, लशींचा कागद, घरच्या पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल. आता फक्त पालकांची सभा राहिली होती, ती ऐकली की नाव पक्कं. पडद्यावर चौकोनाचौकोनातून माणसं बसली होती, कुणाच्या मागं पलंग, कुणाच्या मागं भिंत, कुणी नुसताच काळा चौकोन. मधल्या चौकोनात शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस हॉलोवे बोलत होत्या. आधी वेळापत्रकाचं रूक्ष बोलल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं जे मूल मागं पडलं, त्याचंही ऐकलं जाईल. जे मूल घाबरलं, त्याचंही ऐकलं जाईल. ज्या मुलाचं आजवर कुणीच ऐकलं नाही—" आणि इथं त्यांनी श्वास घेतला. आता असा श्वास घेतल्यावर, असं तीनदा एकाच ठिकाणी येऊन थांबल्यावर, आमच्यातलं कोण गप्प बसेल? आर्डेलियाच्या तोंडून गेलंच, "हो बाई! बोला! बोला की!" लगेच तिचाच चेहरा पडद्याभर पसरला. डोक्याला बांधलेला फडका, मागं चुलीवर पाल्याची भाजी, भाजीची वाफ, सगळं. मिसेस हॉलोवे दचकल्या, हसल्या, म्हणाल्या, "सगळ्यांनी कृपा करून आवाज बंद ठेवावेत." एक बारीकसा टक् झाला. आर्डेलियाच्या चेहऱ्याखालच्या छोट्या माइकवर लाल रेघ उमटली.

"अगं बाई, माफ करा हं," आर्डेलिया म्हणाली. पडद्यावरच्या आर्डेलियाचे ओठ हलले, पण कुणी वळून पाहिलं नाही. ती जरा मोठ्यानं म्हणाली, "चुकून झालं, सवय आहे ना." सगळे चेहरे तिच्याकडंच लागलेले होते आणि कुणीही तिच्याकडं बघत नव्हतं, सगळे थोडं खाली, आपापल्या पडद्यातल्या कुठल्यातरी दुसऱ्याच जागी बघत होते. तिच्या कानांत दडा बसल्यासारखं झालं. हे तिनं आधी एकदा अनुभवलं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी. चर्चमध्ये वेदीमागच्या हौदात, पांढऱ्या झग्यात, पाठीखाली डॅडींचा रुंद पंजा, नाकावर रुमाल, आणि मग पाणी. पाण्याखालून तिला मंडळीचं गाणं ऐकू आलं होतं, दूर, गोधडीआडून आल्यासारखं. ओरडावंसं वाटलं आणि तोंड उघडता येईना. पण तिथं तो पंजा होता. त्यानं तिला वर काढलं होतं आणि वर आल्याबरोबर सगळं चर्च एकदम कानांत कोसळलं होतं. इथं सभा संपेपर्यंत ती पाण्याखालीच बसून राहिली. शेवटी पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि अक्षरं आली : अभिनंदन, जेरूशाचं आमच्या शाळेत स्वागत आहे. ज्या पोरीच्या तोंडाला लगाम नाही म्हणून तिला शाळेतून काढलं, तिला आपण कुठं घालतो आहोत हे त्या टक् आवाजात तिला पुरतं कळलं होतं. कळून उपयोग नव्हता.

जेरूशाचा गुन्हा तुम्हाला सांगतो म्हणजे हसाल. गणिताच्या तासाला अपूर्णांक चालले होते. मिसेस ड्रेसेल फळ्याशी उभ्या, उदाहरण मध्येच अडलं, त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा अडलं. वर्ग शांत. आणि त्या शांततेत जेरूशा कळवळून, चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाली, "मदत कर रे प्रभू! मदत कर तिला!" वर्ग फुटला. पोरं बाकांवर पडून हसली. मिसेस ड्रेसेलांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. याआधी दोनदा असंच झालेलं, एकदा इतिहासाच्या तासाला "खरं आहे! पुढं बोला!" आणि एकदा उपमुख्याध्यापक लाउडस्पीकरवर सूचना देत असताना "सावकाश, साहेब, सावकाश!" दोन्ही वेळा निलंबन. हे तिसरं. शाळेच्या लहानशा खोलीत आर्डेलिया हॉस्पिटलच्या धुलाईखात्याच्या निळ्या गणवेशातच जाऊन बसली होती, हातांना ब्लीचचा वास. उपमुख्याध्यापक म्हणाले, "हा उद्धटपणा आहे, मिस गेदर. शिक्षिकेची टिंगल आहे."

"टिंगल नाही हो साहेब. आमच्याकडं बोलणारा अडखळला की असंच म्हणतात. त्याला हात देतात."

"ही शाळा आहे. चर्च नाही."

"ते तिला मी सांगते. पण तिनं वाईट मनानं नाही म्हटलं."

"तुम्हाला काय माहीत कुठल्या मनानं म्हटलं?"

प्रश्न खोटा नव्हता, हे आर्डेलियाला ठाऊक होतं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी सिस्टर ओडेल नव्या तरुण पाळकाचा उपदेश रंगेना की हेच वाक्य म्हणते, आणि असं म्हणते की त्या बिचाऱ्याच्या कॉलरमध्ये घाम उतरतो. तेच शब्द हात देतात, तेच चिमटा काढतात. घरी आल्यावर तिनं पोरीला विचारलं. जेरूशा बुटाची नाडी सोडत बसली होती. म्हणाली, "मम्मी, तिला घाम आला होता. आणि कुणीच काही म्हणत नव्हतं." एवढंच. सिस्टर ओडेलला हे कळलं तेव्हा ती मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगं, त्या बाईसाठी जन्मात कुणी प्रार्थना केली नसेल, म्हणून घाबरली!" चर्चमधल्या सगळ्या बायका हसल्या. आर्डेलियाही हसली. पण तिसऱ्या निलंबनानंतर नियम असा की पोरीला गावाच्या टोकाच्या त्या दुसऱ्या शाळेत जावं लागणार, जिथं दारात अंग चाचपतात आणि जिथून धुलाईखात्यातल्या लवोनियाचा मुलगा एकदा डोकं फोडून घेऊन आला होता. नाहीतर घरी बसून ही ऑनलाइन शाळा. निवड म्हणजे एवढीच.

नाव नोंदवताना फोनवर एक डेव्हिन नावाचा मुलगा होता, गोड बोलायचा. "मॅडम, दिवसा घरी मोठं माणूस कोण असेल? मुलीकडं लक्ष द्यायला, धडा झाला का बघायला?"

"माझे वडील."

"छान! ते काय करतात?"

"उपदेशक आहेत. रेव्हरंड लेम्युएल गेदर."

"वा! मग मुलीला उत्तमच साथ मिळेल."

"मिळेल की," आर्डेलिया म्हणाली. यातलं काही खोटं नव्हतं. रेव्हरंड गेदर त्या वेळी पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, पायांवर लोकरीचं पांघरूण. त्यांना बोलता येत नाही, हे डेव्हिननं विचारलं नव्हतं.

या शहरात काच बनते. निदान तेव्हा बनायची. मिसिसिपीहून पोरवयात आलेला लेम्युएल गेदर सहा दिवस भट्टीसमोर उभा राहायचा आणि सातव्या दिवशी वेदीसमोर. आर्डेलियाला आठवतं ते हे की दोन्ही ठिकाणाहून तो सारखाच घरी यायचा, ओला, पोळलेला, घसा बसलेला आणि हसरा. आई त्याला लिंबाचं गरम पाणी द्यायची. आर्डेलिया बोलायला शिकण्याच्या आधी झेलायला शिकली. आईच्या मांडीवर बसून, आईच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्याचा वारा खात, डॅडी वर श्वास घेताहेत हे तिला पोटात कळायचं, आणि मग सगळ्या मंडळीबरोबर तिच्याही तोंडून काहीतरी निघायचं, शब्द नसलेलं. डॅडींचं एक वाक्य होतं. उपदेश टिपेला पोचला, आता पुढं काय सांगणार असं झालं, की ते वेदीचा कठडा धरून, डोळे मिटून गायचे, "आहे का इथं कुणी साक्षीदार?" आणि सारं चर्च उठून उभं राहायचं. "आहे!" ऑर्गन त्यात मिसळायचा. त्या एका "आहे"साठी माणसं आठवडाभर भट्टीपुढं, भांड्यांपुढं, लोकांच्या फरशांपुढं उभी राहायची, असं तिला अजूनही वाटतं.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि सगळे शब्द गेले. "ते... ते... हे..." एवढंच. पाणी म्हणायचं असेल तरी "ते", भूक असेल तरी "हे", आणि मग स्वतःच्याच तोंडाचा राग येऊन डावी मूठ खुर्चीवर. पण एका सकाळी आर्डेलिया त्यांना मोजे घालत असताना ते एकदम गायला लागले, स्वच्छ, सुरात : "आहे का इथं कुणी साक्षीदार?" तिच्या हातातून मोजा पडला. डॉक्टर म्हणाला, होतं असं, बोलणं मेंदूत एका जागी असतं आणि गाणं दुसऱ्या जागी. ते एक वाक्य उरलं होतं, बाकी काही नाही. मग त्यांनी त्याच वाक्यात संसार थाटला. तहान लागली, साक्षीदार. थंडी वाजली, साक्षीदार. शौचाला जायचं, साक्षीदार. सूर थोडा वेगळा असायचा आणि तो वेगळेपणा घरात सगळ्यात आधी जेरूशाला कळला. घरात कुठंही असो, पोरगी जिथं असेल तिथून सुरात झेलायची, "आहे, आजोबा! साक्षीदार इथंच आहे!" आणि धावत जायची. म्हातारा हसायचा. अर्धा चेहरा हसायचा आणि दुसरा अर्धा त्याच्याकडं बघत राहायचा. सकाळी पोरगी शाळेत आणि आर्डेलिया कामावर असताना सिस्टर ओडेल येऊन बसायची, ती झेलायची तेही आपल्या पद्धतीनं, "आहे रे बाबा आहे, दम धर, मी काय देवदूत आहे उडत यायला?" पोरगी आता घरीच राहणार म्हटल्यावर सिस्टर ओडेल डेट्रॉइटला गेली, तिची बहीण आजारी होती. आर्डेलियाला वाटलं, देवानंच बसवलेली घडी आहे ही. पोरगी म्हाताऱ्याला बघेल, म्हातारा पोरीला. आणि असं वाटत असतानाही तो टक् आवाज तिच्या कानात होताच.

सुरुवातीला जेरूशा पडद्याशीही तशीच बोलायची जशी सगळ्यांशी. मिस पेल नावाची तिची नवी शिक्षिका, तरुण, मायाळू, प्रत्येक मुलाला "राजा" म्हणायची. ती काही सांगे आणि जेरूशा झेले, पण तारेतून जाताना आवाजाला उशीर व्हायचा. इथं "खरं आहे!" म्हणावं तर ते तिथं पोचेपर्यंत मिस पेल पुढच्या वाक्यात गेलेली असे आणि पोरीचं "खरं आहे" भलत्याच शब्दावर जाऊन आदळे. मुलं हसायची नाहीत. त्यांचे आवाज बंद असायचे, जेरूशा मात्र आपला चालू करून बसायची. पण मिस पेल थांबायची, कुठं होते मी, म्हणायची. जेरूशानं आणखी लवकर झेलायचा प्रयत्न केला, शिक्षिकेच्या श्वासाच्याही आधी, तेव्हा तर आणखीच विचका झाला. आर्डेलियानं कामावरून सुट्टी असलेल्या एका दिवशी हे चहाचा कप हातात धरून दारातून पाहिलं. पोरगी खुर्चीच्या टोकाला बसून, मान पुढं काढून, चेंडू कुठून येईल ते न कळणाऱ्या खेळाडूसारखी दिसत होती. "जेरूशा, राजा," मिस पेल म्हणाली, "बोलायचं असेल तर हात वर कर. मी बघीन आणि तुझा आवाज चालू करीन. बरं?" पडद्यावर दाबायचा एक पिवळा हात होता, पण पोरीनं खराच हात वर केला. "शाबास," मिस पेल म्हणाली. मग पुढच्या खोलीतून आजोबांचं वाक्य आलं आणि जेरूशानं जागेवरूनच झेललं, आणि दोन्ही आवाज नेमके त्या वेळी चालू असलेल्या माइकमधून साऱ्या वर्गात गेले. मिस पेल घाबरून म्हणाली, "काय झालं? कुणाला काही लागलं का?" दुसऱ्या आठवड्यात शाळेकडून कानांवर बसणारे मोठे हेडफोन आले, फुकट. सोबत चिठ्ठी, की विद्यार्थ्यानं शांत जागी बसावं.

आर्डेलियानंच ते पोरीच्या कानांवर बसवले. केसांच्या वेण्या आत अडकत होत्या, त्या सोडवल्या. "एक कान मोकळा ठेव हं," ती म्हणाली. "आजोबांनी हाक मारली तर?"

"एका कानानं ऐकलं तर मला काहीच नीट ऐकू येत नाही, मम्मी."

"मग मधनंमधनं बघून ये."

"तासात उठलेलं चालत नाही. गैरहजर लावतात."

"कोण म्हणालं?"

"हात वर करून विचारायचं असतं."

काही आठवड्यांनी मिस पेलचा फोन आला. आर्डेलिया धुलाईखात्यात होती, वाफेत, चादरी दाबणाऱ्या यंत्राच्या गडगडाटात, जिथं बायका एकमेकींना ओरडून बोलतात आणि ओरडूनच हसतात. ती फोन घेऊन जिन्यात गेली. मिस पेल म्हणाली, "तुम्हाला मुद्दाम चांगली बातमी द्यायला फोन केला. जेरूशाच्या जुन्या शाळेनं काय काय लिहून पाठवलं होतं, मला तर खरंच वाटत नाही. किती शांत मुलगी आहे! वर्गात आहे की नाही कळतसुद्धा नाही." आर्डेलिया म्हणाली, "थँक्यू." जिन्यात थंडी होती. भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि तिला आठवलं की रविवारी चर्चमध्ये पोरीचा आवाज आला नव्हता. त्याच्या आधीच्या रविवारीही. आपल्या शेजारी बसलेल्या अंगातून काहीच येत नव्हतं. आणि आपल्याला ते उपदेशाच्या भरात जाणवलं कसं नाही? तिनं प्रार्थना करायला डोळे मिटले, पण प्रार्थनेच्या पुढं ती लाल रेघ आली. प्रभू, तुझ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? तोवर तू पुढच्या वाक्यात गेलेला असतोस का? असं तिच्या मनात आलं आणि असं मनात आलं म्हणून तिला भीती वाटली, आणि खाली यंत्र तिची वाट बघत होतं.

जानेवारीत एका दुपारी धुलाईखात्याचा बॉयलर बिघडला आणि बायकांना घरी सोडलं. सरोवरावरून येणारा वारा बर्फ आडवा मारत होता. आर्डेलियानं दार उघडलं तर घरात आवाज नव्हता. फ्रिजचा होता, घड्याळाचा होता, माणसाचा नव्हता. पुढच्या खोलीत डॅडी खुर्चीत होते. पांघरूण खाली पडलेलं, डाव्या हाताला न पोचणाऱ्या बाजूला. विजार ओली, खुर्ची ओली, पायाखालचा गालिचा ओला, आणि ओल थंड झालेली, म्हणजे बराच वेळ झालेला. त्यांचे ओठ हलत होते. ती वाकली. सूर नव्हता, नुसती घोगरी हवा, वाक्याच्या आकाराची. घसा इतका बसला होता जितका पूर्वी रविवारी बसायचा. किती वेळ गायले असतील हे तिला त्या घशावरून कळलं. "डॅडी," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले. ती तशीच, कोटावरचा बर्फ घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात गेली. जेरूशा पाठमोरी बसली होती, कानांवर ते मोठे काळे हेडफोन, समोर पडद्यावर कुणीतरी मुलगा काहीतरी वाचून दाखवत होता. जेरूशाचा उजवा हात वर होता. डाव्या हातानं तिनं त्याचं कोपर धरलं होतं, दुखत असावं म्हणून. घराच्या एका खोलीत हाक आणि दुसऱ्या खोलीत वर केलेला हात, मध्ये एक भिंत. आर्डेलियाला हाक मारायची होती, पोरीला, देवाला, कुणालाही. तोंड उघडलं, आणि कानांवर पाणी होतं.

कोटावरचा बर्फ फरशीवर पडला तेव्हा जेरूशा वळली. हेडफोन उतरवले. "मम्मी? लवकर आलीस?" मग तिनं आईचा चेहरा पाहिला आणि धावली. "आजोबा! मी आहे ना! साक्षीदार इथंच होता, आजोबा, मी विचारत होते तिला, मी केव्हाची हात वर करून—" म्हाताऱ्यानं खिडकीकडं तोंड वळवलं. रागानं नव्हे. पोरीपुढं ओल्या विजारीत बसायची लाज असेल. किंवा थकवा असेल. आर्डेलिया रात्रंदिवस त्या मान वळवण्याचे अर्थ लावत राहिली आणि एकही अर्थ बसला नाही.

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. पाणी पुढं केलं तर प्यायचे, नाही केलं तर नाही. जेरूशा आता एक कान मोकळा ठेवून बसायची, मधल्या सुट्टीत त्यांच्या पायाशी येऊन बसायची, त्यांचंच वाक्य त्यांना गाऊन दाखवायची, हळू, पाळण्यातल्या लेकराला गावं तसं. "आहे का इथं..." आणि थांबायची, त्यांनी पुरं करावं म्हणून. ते डोळे मिटून घ्यायचे. आर्डेलियानं जुन्या शाळेला फोन केला. बाई म्हणाल्या, "आता परत यायचं तर त्या दुसऱ्या शाळेत." सिस्टर ओडेलला केला, ती म्हणाली, "अगं मी पंख लावून आले असते, पण बहिणीला कुणाच्या भरवशावर टाकू?" आणि फोनवरच रडली, आणि रडतानाच म्हणाली, "म्हातारा माझ्यावर रुसला असेल मेला." वसंत ऋतूतल्या उपासाच्या दिवसांत, ईस्टरच्या आधी, रेव्हरंड लेम्युएल गेदर झोपेत गेले. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. सगळे तेच म्हणाले.

दफनाच्या दिवशी चर्च भरलं होतं. काचकारखान्यातले उरलेले म्हातारे काठ्या घेऊन आले होते. तरुण पाळकानं त्या दिवशी कुणाला चिमटा काढायची संधी दिली नाही. प्रभूनं त्याला हात दिला होता. बोलता बोलता त्याचा श्वास ठेक्यावर आला, ठेक्यावरून सुरावर गेला, आणि शवपेटीवर हात ठेवून त्यानं म्हाताऱ्याचंच वाक्य उचललं : "या माणसाच्या आयुष्याचा आहे का इथं कुणी साक्षीदार?" ऑर्गन गरजला. आम्ही सगळे उठलो. "आहे! आहे!" सगळ्यांचे हात वर गेले, स्तुतीला जातात तसे. आणि पहिल्या बाकावर, काळ्या झग्यात, जेरूशाचाही हात वर गेला. "बघ बघ," डेट्रॉइटहून आलेली सिस्टर ओडेल माझ्या कानाशी म्हणाली, "लेकरावर आत्मा उतरला!" पांढरे हातमोजे घातलेल्या दोन स्वयंसेविका लगबगीनं पुढं झाल्या आणि पोरीला पंख्यानं वारा घालू लागल्या, कोसळली तर धरायला हात पसरून. सगळ्या चर्चमध्ये एकट्या आर्डेलियाला दिसलं की पोरीनं डाव्या हातानं कोपर धरलं आहे. तोंड मिटलेलं आहे. डोळे पाळकाच्या चेहऱ्यावर, न हलता. ती स्तुती करत नव्हती. ती परवानगी मागत होती. बोल, पोरी, तुझा आवाज चालू आहे, इथं कुणी बंद केलेला नाही, बोल. एवढंच म्हणायचं होतं आर्डेलियाला. बाजूला सारं चर्च गात होतं आणि तिला ते दुरून, गोधडीआडून आल्यासारखं ऐकू येत होतं, आणि पाठीखालचा तो पंजा त्या पेटीत होता.

उपदेश संपला. ऑर्गन थांबला. आमचे हात खाली आले. तिचा वरच होता. पेटी बंद झाली, उचलली गेली, आम्ही बाजूला होऊन वाट दिली, पेटी तिच्या समोरून गेली, तरी हात वर. बाहेर गाडीचं दार लागलं तेव्हा तो हळूहळू उतरला, आणि ती आईला म्हणाली, "मम्मी, पाळकांनी मला विचारलंच नाही."

गाव तेच, घर तेच. पोरगी अजून त्याच शाळेत आहे, चांगल्या गुणांनी पुढं जाते आहे, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. रविवारी येते, आईशेजारी बसते. आर्डेलिया झेलते, पण आता जरा उशिरानं.

माझं मागणं मी सुरुवातीलाच कबूल करून घेतलं होतं. तुमच्या प्रार्थनेत म्हाताऱ्याची आठवण नाही ठेवलीत तरी चालेल, त्याला आता वरती झेलणारे पुष्कळ असतील. जेरूशाची ठेवा. आणि पुढच्या रविवारी सगळ्यांचे हात वर गेले, की जरा आजूबाजूला बघा. एखाद्या हाताचं कोपर दुसऱ्या हातानं धरलेलं दिसलं, तर गाणं थांबवून त्याला विचारा.